नयनसरीचा डोळा

माघी गणपती पाण्यात गेले की परळच्या त्या कारखान्यात दोन महिने नुसती झोप येते. साचे भिंतीला पाठ लावून उभे, शाडूच्या गोण्या एकीवर एक पडलेल्या, आणि पत्र्याखाली उकाडा मुरायला लागलेला. समोर गिरणीच्या जागेवर टॉवर उठल्यापासून दुपारचं ऊन लवकर जातं, उकाडा मात्र जात नाही. तो काय टॉवरला विचारून येतो? अशा दिवसांत मिळेल ते काम घ्यायचं. लग्नमंडपाचे हत्ती, नाटकातले मुखवटे, एखाद्या मिठाईवाल्याचा पुरुषभर उंचीचा पेढा. त्या वर्षी बदकं आली.

शेवंतीला त्याचं काही वाटलं नाही. हत्ती काय नि बदक काय, तिच्यापुढे येणार ते डोळ्यांपुरतं. अंग दुसऱ्यांनी घडवायचं, रंग दुसऱ्यांनी भरायचा, आणि सगळ्यात शेवटी मूर्ती तिच्या स्टुलापुढे यायची. आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं, हे तिचं काम.

तिचं माहेर कणकवलीच्या अंगाला. लग्न होऊन आली ती करी रोडच्या चाळीत. नवरा धोंडू गिरणीत, कापड विणायच्या खात्यात. संप झाला, गिरणीचं दार लागलं ते लागलंच, आणि धोंडू चाळीच्या कठड्याला टेकून विड्या ओढायला लागला, तेव्हा शेवंती पदर खोचून कारखान्यात आली. आधी घासकाम. पॉलिश पेपर घेऊन मूर्तीचं पोट घासत बसायचं आणि संध्याकाळी स्वतःच्या भुवयांवरची पांढरी धूळ झटकून घरी जायचं. मग पितांबराचा रंग भरायला मिळाला. एकदा आण्णांनी, म्हणजे आता कारखाना चालवतो त्या हेरंबच्या वडिलांनी, तिला गंमत म्हणून एका उंदराचा डोळा काढायला दिला. उंदीर असा काही बघायला लागला की मी हातातला लाडू लपवला, असं आण्णा पुढं येईल त्याला सांगायचे.

त्या वेळी आखणीच्या स्टुलावर भिवा बसायचा. भिवाचा हात कापायला लागला आणि आण्णांनी त्याला उठवून शेवंतीला बसवलं. "हात बरा होतोय तोवर," असं म्हणाले. भिवाला घासकाम दिलं. एक हंगाम तो कोपऱ्यात पोटं घासत बसला, कुणाकडं मान वर करून बघितलं नाही. पुढच्या हंगामाला आलाच नाही. त्याचं काय झालं हे कुणी विचारलं नाही. शेवंतीनंही नाही. स्टूल कसं मिळतं नि कसं जातं, ते तिनं तेव्हाच बघून ठेवलं होतं.

आण्णांचे नियम दोनच. आखणी चालू असताना कारखान्यात कुणी तोंड उघडायचं नाही. आणि उघडलेला डोळा पुसायचा नाही. एकदा बुबुळ बसलं की मूर्तीला दिसायला लागलं. दिसणाऱ्याच्या डोळ्यावर कोण बोळा फिरवील? चुकला तर चुकला, मूर्ती तशीच जाईल. आण्णा गेले, हेरंबनं रंग फवारायची मशीन आणली, हिशेबाला कॉम्प्युटर आणला, पण हे दोन नियम त्यानंही मोडले नाहीत.

आता शेवंती दमली होती. आज नाही, काल नाही. बरीच वर्षं झाली. उजवा खांदा सकाळी उठताना दार करकरावं तसा करकरायचा, गुडघे जिना उतरताना शिव्या द्यायचे. हे सगळं ती चारचौघांत सांगायची, हसत हसत सांगायची. एक गोष्ट मात्र सांगत नव्हती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दिव्याभोवती कोंबडीच्या पिसासारखं काही तरी फुललेलं दिसायचं, आणि पांढरं म्हणून काही उरलंच नव्हतं. भात पिवळा, भिंत पिवळी, धोंडूचा सदरा पिवळा.

धोंडूला ते कळलं माशांमुळे. ताजा मासा शेवंती त्याच्या डोळ्यावरून ओळखायची. बाजारात तिच्यापुढं कोळीण शिळा माल काढायची नाही. आणि एक दिवस ती चक्क मेलेल्या डोळ्यांचे बांगडे घेऊन आली.

"ह्ये खंयचे बांगडे हाडलंस गो?" धोंडूनं ताटातनं एक उचलून नाकाशी धरला. "डोळे बघलंस काय ह्यांचे?"

"बघलंय."

"माजे बघलंस आसतलंस. ह्यांचे नाय."

शेवंती तवा पुसत राहिली. धोंडूनं बांगडा खाली ठेवला आणि तिच्याकडं नीट बघितलं, लग्नात बघितलं नसेल इतकं.

"डॉक्टराक दाखव."

"मगे? दाखवलंय तर तो म्हणतलो ऑपरेशन करा. ऑपरेशन केलंय तर महिनो घरात. नि महिनो घरात ऱ्हवलंय तर स्टूल गेला माजा."

"आंधळी होऊन स्टुलार बसतलंस?"

"बसतंय जमात तोवर," ती म्हणाली आणि बांगडे तसेच तव्यावर टाकले. दोघांनी ते गपगुमान खाल्ले.

अशात ती रश्मी आली. पाखरांच्या मागं फिरणाऱ्या माणसांची एक संस्था, तिच्यातली. पायांत वाळलेल्या चिखलाचे बूट, खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी, वय असेल तिशीचं. प्रभादेवीला एका जुन्या शाळेच्या तळमजल्यावर त्यांना जागा मिळाली होती. तिथं मध्ये खोटं तळं करायचं, त्यात कागदाच्या लगद्याची बदकं सोडायची, आणि पोरांनी काठावर उभं राहून ती ओळखायची, असा बेत.

"किती जाती हव्यात?" हेरंबनं विचारलं.

"दोनच."

"दोनच? मॅडम, रंगीबेरंगी घ्या की. पोरं खूश होतील."

"नको. खूप ठेवली तर पोरं नुसती पळतात. सारखी दिसणारी दोन ठेवली की थांबून बघतात." रश्मीनं पिशवीतून ताटाएवढे दोन फोटो काढले आणि शेवंतीच्या मांडीवर ठेवले. "हे बघा, आजी."

आजी म्हटल्यावर रंग भरत बसलेली मालन पदराआड हसली. मालन सातारच्या अंगाची, नवऱ्यामागं दोन पोरं घेऊन इथं राहिलेली, कारखान्यात पितांबराचं काम तिचं. ती शेवंतीला मावशी म्हणायची.

"ही छोटी लालसरी," रश्मी सांगायला लागली, "आणि ही नयनसरी. चुलत भावंडं म्हणा. दोघंही हिवाळ्यात लांब उत्तरेकडून येतात, थंडी सरली की परत जातात. दोघंही बुडी मारून खातात. पण बघा, लालसरीच्या नराचं डोकं विटकरी, छाती काळी, पाठ राखाडी."

"तीन ठिगळं जोडल्यागत," मालन म्हणाली.

"अगदी. आणि नयनसरी अंगभर एकच, काताच्या रंगाची. शेपटीखाली तेवढं पांढरं. लालसरीचं कपाळ चोचीपर्यंत घसरत येतं, हिचं डोकं वर उंच."

"टेंगूळ आल्यासारखं," हेरंब म्हणाला.

"हो. लालसरी तळ्याच्या मध्यावर, उघड्यावर, थव्यानं बसते. नयनसरी काठच्या गवतात, लाजरी, चार-दोन मिळून. आणि सगळ्यात मोठा फरक डोळ्याचा. लालसरीच्या नराचा डोळा लाल. नयनसरीच्या नराचा पांढरा. लांबून अंगाचा रंग कळत नाही, पण तो पांढरा ठिपका कळतो."

"आणि मादीचा?" शेवंतीनं विचारलं.

"दोन्हीकडं तपकिरी."

"म्हणजे मिरवायचं ते त्याने, नि बघायचं ते तिने," शेवंती म्हणाली. "तिथे पण तसंच."

"बुडी मारल्यावर शेपूट वर ऱ्हाती का वो?" मालननं विचारलं. "आमच्या गावच्या तळ्यात बदकं अशी उलटी हुत्यात." तिनं ब्रश उलटा धरून दाखवला.

"ती वेगळी. ती चिखल ढवळून खातात. ही पुरती आत जातात. यांचे पाय पार मागं असतात, वल्ह्यांसारखे. पाण्यात चपळ, जमिनीवर चालताना मात्र धडपडतात."

"माझ्यासारखीच," शेवंती गुडघा दाबत म्हणाली. "मला पाण्यात टाकून कुणी बघितलं नाय म्हणून. नायतर समजलं असतं."

"मग बुडलेलं बदक दाखवायचं कसं?" हेरंबची अडचण.

"दाखवायचंच नाही. पाण्यावर नुसती वर्तुळं काढायची."

"ह्ये झ्याक," मालन म्हणाली. "न केलेलं बदक. रंगपण नगं, घासायपण नगं."

सगळे हसले. शेवंतीनं फोटो डोळ्याजवळ घेतले, लांब नेले, परत जवळ घेतले. लालसरीचा लाल डोळा तिला लख्ख दिसला. नयनसरीचा डोळा कुठं तरी तिथंच असणार, असं तिनं धरलं.

बदकं झाली. हेरंबनं स्वतः अंगं घडवली, घासणाऱ्यांनी घासली, मालननं रंग भरले. विटकरी, काळा, राखाडी आणि काताचा. काठच्या गवतासाठी हेरंबनं खराट्याच्या काड्या हिरव्या केल्या. मग एके दिवशी सकाळी सगळी बदकं ओळीनं शेवंतीच्या स्टुलासमोर फळीवर येऊन बसली, आंधळी.

कारखाना गप झाला.

लालसरींचे डोळे झरझर झाले. तांबड्याला मोतीबिंदूनं फारसा हात लावला नव्हता. शेवंतीच्या हाताला जे येत होतं ते तिनं केलं. वर पापणीची बारीक रेघ, खाली सावली, बुबुळ अशा ठिकाणी की समोर उभा राहील त्याच्याशी नजर जुळावी, आणि बुबुळात एक चमक. सगळा जन्म तिनं हाच डोळा काढला होता. याहून वेगळा डोळा असतो हे तिच्या हाताला ठाऊक नव्हतं.

माद्यांचे तपकिरी डोळे झाले. मग नयनसरीचे नर आले.

पांढऱ्याचा डबा कुठं असतो ते तिला न बघता ठाऊक होतं. बशीत रंग घेतला आणि तिचं तोंड कडू झालं. जुन्या मच्छरदाणीसारखा मळका, पिवळट. हेरंबनं स्वस्तातला माल आणला वाटतं, असं ती मनात म्हणाली. असं म्हणायला बरं पडतं. पण पिवळ्या पडलेल्या पांढऱ्याला काय करायचं ते कोकणातल्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. धोतराला नीळ घालतात, दसऱ्याच्या चुन्याला नीळ घालतात. शेवंतीनं ब्रशचं टोक निळ्यात बुडवलं आणि बशीत ढवळलं. अजून पिवळा. अजून एक टोक. अजून एक. मग कुठं तो तिला पांढरा दिसला, दह्यासारखा. तिनं समाधानानं पहिला डोळा उघडला.

मालन समोरच बसली होती. तिला बशी दिसत होती. तिनं एकदा मान वर केली, तोंड उघडलं, आणि आखणी चालू आहे हे आठवून मिटलं. पहिल्या बदकाचे दोन्ही डोळे झाले. आता बोलून तरी काय. उघडलेला डोळा पुसायचा नसतो. मालन खाली मान घालून राहिली, आणि एकामागून एक सगळ्या नयनसरी निळ्या डोळ्यांनी बघायला लागल्या.

दोन दिवसांनी रश्मी माल बघायला आली. लालसरींपुढं उभी राहिली आणि तिला हसू फुटलं. "ही सगळी माझ्याकडंच बघतायत हो. काही तरी मागितलं तर देतील असं वाटतंय." पण रंग बरोबर होता, तिनं मान डोलावली. मग नयनसरींकडं वळली, आणि हसू गेलं.

"आजी, हे निळे का केलेत?"

"निळे?" शेवंती म्हणाली.

"ती काकींची पद्धत आहे," हेरंब पुढं झाला. "गेल्या वर्षीपासून. गणपतीचा डोळासुद्धा त्या जरासा निळसर ठेवतात. मंडळवाले फिदा आहेत मॅडम, म्हणतात बाप्पाच्या डोळ्यात पाणी असल्यासारखं वाटतं. यंदा लोक तोच डोळा मागतायत."

गेल्या वर्षीपासून. शेवंती मनात मोजायला लागली. गेल्या वर्षी तिनं किती डोळे उघडले होते, लालबागच्या गल्लीतले, गिरगावच्या वाड्यांतले, घराघरांतले चौरंगावरचे. सगळे निळे. आणि तिला एकही दिसला नव्हता.

"गणपतीला चालत असेल," रश्मी म्हणाली. "बदकाला नाही चालणार. असं बदक नसतंच. पोरं विचारतील, हे तिसरं कुठलं."

"माद्या करून टाकू या. वरून तपकिरी दिला की झालं."

"अंग नराचं आहे ना. मादी फिकी असते, मळकट. डोळा तिचा आणि अंग त्याचं कसं चालेल?"

"मग पुसू," हेरंब म्हणाला आणि स्वतःच जमिनीकडं बघायला लागला. 

"म्या बघितलं हुतं मावशी," मालन हळूच म्हणाली. "पर आखणी चालली हुती न्हवं."

पद्धत म्हणून हेरंबनं तिला वाट काढून दिली होती. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर चाललं असतं. बदकांचं काय तरी झालं असतं, आणि हंगामाला ती परत स्टुलावर बसली असती. तोंडात 'हो' आलाही होता. पण दोन वर्षं डबे जागेवरून ओळखायचे, जिन्याच्या पायऱ्या पायानं चाचपायच्या, समोरून आलेल्या माणसाला आवाज फुटेपर्यंत नुसतं हसून दाखवायचं, या सगळ्याचा तिला त्या क्षणी असा कंटाळा आला की बास.

"मला पांढरा दिसत नाय हेरंब," ती म्हणाली. "मोती उतरलाय दोन्ही डोळ्यांत. दोन वर्षं होत आली."

हेरंब तोंडात मारल्यागत उभा राहिला. "दोन वर्षं? काकी, आणि मी लोकांना स्टाईल म्हणून सांगत फिरतोय?"

"मग चांगलं सांगितलंस ना. खपली ना?"

हेरंब रागावला नाही. रागावला असता तर शेवंतीला बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेला, पानं उलटली, आणि तिकडंच तोंड करून म्हणाला, "ऑपरेशन करून घ्या. अक्षय तृतीयेला काम लागेल आपलं. तोवर मालन बसेल."

'तोवर.' हा शब्द कुठल्या घरचा आहे ते शेवंतीला चांगलं ठाऊक होतं.

ती स्टुलावरून उठली. "पुसायचा नाय," ती म्हणाली. "वरून द्यायचा. मालन, ये बस. डब्यातला आहे तसाच घे, त्यात काय घालू नको."

"मी?" मालनचा ब्रश हातातच राहिला. "आवं मावशी, माजा हात धोतराचा. डोळ्याचा न्हवं."

"बस म्हणते ना. श्वास आत घे नि धर. रेघ सुटली की सोड."

रश्मीनं नयनसरीचा फोटो मालनच्या डोळ्यांसमोर धरला. मालननं देवाचा डोळा कधी काढलेला नव्हता, त्यामुळं तिला विसरायचं असं काही नव्हतंच. फोटोत होतं तसं तिनं काढलं. पांढरा गोल, मधोमध काळा ठिपका, ना पापणी ना सावली. शेवंती शेजारी उभी राहून बघत होती. बरं झालं की वाईट, तिला काही कळत नव्हतं.

"स्टूल गेला?" संध्याकाळी धोंडूनं विचारलं.

"गेला."

"बरा झाला. आता बांगडे तरी बरे खावक गावतले."

परळच्याच मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं, एका डोळ्याचं. दुसऱ्याचं मागाहून करायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा शेवंती आधी ट्यूबलाइटकडं बघत राहिली. इतका पांढरा असतो पांढरा, हे ती विसरूनच गेली होती. जवळजवळ निळा. मग तिनं पलंगापाशी उभ्या असलेल्या धोंडूकडं बघितलं.

"ह्यो म्हातारो कोण?"

"तुजो घोव," धोंडू म्हणाला. "नि हसा नको, अजून आरसो बघूक नाय तू."

प्रभादेवीचं दालन सुट्टीत उघडलं. रश्मीनं बोलावणं केलं होतं, धोंडूलाही घेऊन या म्हणाली होती. शेवंती काळा चष्मा लावून गेली. काचेचं तळं, त्यावर वर्तुळं, काठाला हेरंबच्या हिरव्या खराट्याच्या काड्या. पोरं काठावर वाकून ओरडत होती, लालसरी, नाही रे नयनसरी, डोळा बघ ना. एक मुलगी लालसरीपुढं उभी होती. ती डावीकडं सरकली, उजवीकडं सरकली, आणि आईला म्हणाली, "मम्मा, हे मला फॉलो करतंय." आईनं हसत हसत त्या बदकाला हात जोडल्यासारखं केलं.

शेवंतीनं चष्मा काढला. तिनं काढलेल्या लालसरी तळ्याच्या मध्यावर बसून येईल त्याच्याकडं मायेनं बघत होत्या. एकीच्याही अंगात बदक नव्हतं. विसर्जनाच्या वाटेवर थांबलेले गणपतीच ते, पिसं लावलेले. आणि काठच्या गवतात मालनच्या नयनसरी. त्यांचा पांढरा डोळा कुणाकडंच बघत नव्हता. एका बाजूनं सगळीकडं बघत होता. जरा आवाज झाला की ही आत जातील, असं वाटत होतं.

"कशी आसत?" धोंडूनं विचारलं.

"तिची बरी आसत," शेवंती म्हणाली. "माजी वायट."

तिला रडू वगैरे काही आलं नाही. डोळ्यात औषध घालायची वेळ झाली होती, ते घालून ती बाकावर बसली. मालनचा हात चांगला आहे. मग आता झालंच. घासकामाचा कोपरा कुठला, तिथं वारा येतो का, हे ती बसल्या बसल्या आठवून बघत होती.

ती कारखान्यात गेली तेव्हा हंगाम लागून गेला होता. दारापासून आतपर्यंत मूर्ती, पाटावर, फळ्यांवर, जिन्यावर. मालन स्टुलावर होती. शेवंतीला बघून ती उठली नाही. उठू की नको, असं करत अर्धी वर आली नि परत बसली. शेवंतीनंही ते बघितलं न बघितलं केलं. तिला आता दिसत होतं, त्यामुळं न बघितल्यासारखं करणं जड जात होतं.

हेरंब हातातला फोन बाजूला ठेवून जवळ आला. त्याचं तोंड उतरलेलं. "बरं झालं आलात काकी. जरा बघा बरं. काही तरी चुकतंय, मला सांगता येत नाहीये. काल एक गिऱ्हाईक म्हणालं, बाप्पा घाबरलाय का?"

शेवंती पहिल्या फळीपाशी गेली. डोळे उघडलेले गणपती ओळीनं बसलेले. हात आशीर्वादाला वर, सोंड डावीकडं, गालांवर गुलाबी. आणि डोळे? गोल पांढरे, मध्ये काळा ठिपका, नजर दोन बाजूंना फाकलेली. गवताआडून कुणी बंदूक रोखली असावी, तसे ते सगळे कारखान्याच्या दोन्ही भिंतींकडं एकदम बघत होते. शेवंतीनं तोंडाला पदर लावला. पदराआडचं हसू काही थांबेना.

"काय हसताय वो?" मालन रडकुंडीला आली. "तुमीच तर शिकवलं. श्वास धर म्हनला, धरला. रेघ सुटली की सोड म्हनला, सोडला."

"मी बदकावर शिकवलं गो तुला. तू इथे पण बदकच काढतेस." शेवंतीनं एक मूर्ती उचलून उजेडात धरली. मनापासून बोलायचं झालं की तिच्या तोंडात घरचीच बोली यायची. "बघ. बदकाक शिकाऱ्याचा भय असता, म्हणान ता चारय वाटांक बघता. ह्येका कोणाचा भय आसा? ह्यो समोर बघतलो. येतलो तेच्याकडे बघतलो."

मालननं मूर्तीकडं बघितलं, मग शेवंतीकडं. "मंग तवा का न्हाई सांगितलं?"

"तवा मला तरी कुठे माहीत होतं? मी तिकडे तळ्यात गणपती सोडून आले, तू इकडे नयनसरी बसवलीस." तिनं मूर्ती जागेवर ठेवली.

"ह्या पुसायच्या का?" हेरंबनं भीत भीत विचारलं.

"नाय. उघडलाय तो उघडलाय, नि वरून द्यायला ही काय बदकं नाय. जातील कुणाच्या तरी घरी. भित्रा देव हवा असणारे पण असतील की."

हेरंबनं सुस्कारा टाकला. "मग उद्यापासून तुम्ही बसा काकी. डॉक्टरनं परवानगी दिली ना?"

हेच ऐकायला ती आली होती. दोन वर्षं ह्याच एका गोष्टीसाठी ती चाचपडत आली नि गेली होती. आता हातात आल्यावर तिला नुसता खांदा आठवला. आखणीला हात वर धरून ठेवावा लागतो, कोपर कशाला टेकवायचं नाही, आणि हा असा सगळा वैशाख, ज्येष्ठ, आषाढ. घासकामाच्या कोपऱ्यात वारा येतो, हे तिला प्रभादेवीला बसल्या बसल्या आठवलं होतं. तिथं बसून डोळे मिटून घासता येतं.

मालन स्टुलावरून उठायला लागली. शेवंतीनं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली दाबलं.

"उठू नको. हेरंब, अजून एक स्टूल आण. हिच्या उजव्या बाजूला ठेव, माझा उजवा खांदा भिंतीकडे यायला हवा. पापणी मी काढते, पुढचं मालन करेल. माझं बघून."

"आणि मला न्हाई जमलं तर?"

"तर मग मला तुझंही काढावं लागेल, दुसरं काय," शेवंती म्हणाली आणि करवादत खाली बसली. हेरंबनं दिवा ओढून जवळ आणला. तिनं ब्रश ओला केला, टोक ओठांत धरून बारीक केलं, आणि पुढं बघितलं. मूर्ती आता दाराबाहेर, पार फुटपाथपर्यंत लागल्या होत्या, आणि प्रत्येकीला दोन दोन डोळे.